गल्ला नेमका कोणाचा? प्रोटोटाइपच्या भाषेत माहिती खासगी ठेवताना

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या एका छोट्या कंपनीत सहा महिन्यांपूर्वी लागलेला एक मुलगा व्यापाऱ्यांच्या उधारीची खाती सांभाळणारा कोड जावास्क्रिप्टमध्ये लिहितो आहे. क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट पाडायचा साचा, वापरलेला नाही. एक मूळ ऑब्जेक्ट आहे, त्यावर सगळ्या मेथड, म्हणजे त्याची फंक्शनं, आहेत, आणि प्रत्येक ग्राहकाचं खातं त्यावरून 'ऑब्जेक्ट.क्रिएट'ने उभं केलं आहे. शिल्लक बाहेरच्या कोडने परस्पर बदलू नये, असं वरिष्ठांनी सांगितलं. त्याने नावाआधी अंडरस्कोर लावला, तर वरिष्ठ म्हणाले की याला लपवणं म्हणत नाहीत. मग क्लोजर केलं, म्हणजे शिल्लक एका फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये बंद केली, तर दहा हजार खात्यांवर मेमरी फुगली. आता # वापरावं का (नावाआधी हे चिन्ह लावलं की भाषाच ती गोष्ट खासगी ठेवते), आणि मुळात प्रोटोटाइपवर चालणाऱ्या, म्हणजे एका ऑब्जेक्टवरून दुसरा उभा करणाऱ्या, भाषेत 'खासगी' असं काही असू शकतं का, असं त्याने विचारलं आहे.

असू शकतं. कोड नवा असेल आणि क्लास वापरायला हरकत नसेल, तर सरळ # वापरा. पण तुमचा कोड क्लासचा नाही, आणि # फक्त क्लासच्या महिरपी कंसातच लिहिता येतं. त्यामुळे एका ओळीत उत्तर देऊन मी मोकळा झालो तर उद्या तुम्ही दुसऱ्या ठिकाणी अडकाल. मी अठरा वर्षं हेच काम करतो आहे, बहुतेक इंदुरातच, आणि या विषयातली खरी गोम मला पुस्तकातून नाही, सियागंजातल्या एका मुनीमजींकडून कळली. ती हकीकत पुढे सांगतो. आधी अडचण कुठे आहे ते पाहू.

जावा किंवा सी प्लस प्लसमध्ये क्लास ही भिंत असते. आतलं काय आणि बाहेरचं काय, हे त्या भिंतीवरून ठरतं आणि कंपायलर दारावर उभा राहून तपासतो. प्रोटोटाइपच्या भाषेत ती भिंतच नाही. डेव्हिड उंगर आणि रँडल स्मिथ यांनी 1986 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात सेल्फ ही भाषा आखली, तेव्हा त्यांनी क्लास काढूनच टाकला. उरले फक्त ऑब्जेक्ट आणि त्यांचे खण. हवा तो खण स्वतःत सापडला नाही की पालक ऑब्जेक्टला विचारायचं, त्याच्याकडे नसेल तर त्याच्या पालकाला. ब्रेंडन आइक यांनी मे 1995 मध्ये नेटस्केपसाठी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला घाट घातला, तेव्हा ही साखळी त्यांनी सेल्फकडूनच घेतली.

या मांडणीत ऑब्जेक्ट ही उघडी पिशवी असते. कोणीही हात घालावा, काढावं, ठेवावं. पण माझ्या मते ती खरी अडचण नव्हे. खरी अडचण ही, की मेथड राहते एका ऑब्जेक्टवर आणि चालते दुसऱ्यासाठी. तुम्ही ग्राहकाच्या खात्यावर 'जमा' म्हणून हाक मारता. 'जमा' सापडते मूळ ऑब्जेक्टवर. पण ती चालताना तिच्यातला 'धिस', म्हणजे ज्याच्यासाठी ती चालते तो ऑब्जेक्ट, असतो ग्राहकाचं खातं. आता मला सांगा, 'जमा'ला जी खासगी शिल्लक दिसायला हवी ती कोणाची? मेथड जिथे राहते त्याची, की मेथड ज्याच्यासाठी चालते आहे त्याची?

इंदूरचे असाल तर हे तुम्ही रोज पाहता. सराफ्यात दिवसा पेढ्या असतात. रात्री शटर पडलं की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी. ओटा एकच, वापरणारे दोन. ओटा वाटून घ्यायला कोणाची हरकत नाही, तीच तर सोय आहे. पण जिलबीवाल्याला मिळालेल्या नोटा शटरआडच्या सराफाच्या तिजोरीत जाऊन पडू लागल्या तर? प्रोटोटाइपमध्ये वागणूक वाटून घ्यायची असते आणि गल्ला वाटून घ्यायचा नसतो. 'खासगी' करण्याचे जेवढे मार्ग आहेत ते सगळे या एका कसोटीवर घासून बघा. बाहेरच्याला दिसतं का, एवढंच विचारून भागत नाही.

आता ती हकीकत. सियागंजातल्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्यासाठी आम्ही साठ्याचा हिशेब ठेवणारा कोड लिहिला होता. एक गोदाम म्हणजे एक ऑब्जेक्ट, साठ्याचा आकडा क्लोजरमध्ये बंद. बाहेरून कोणालाही तो दिसत नव्हता आणि याचा आम्हाला अभिमान होता. वर्षभराने व्यापाऱ्याने दुसरं गोदाम घेतलं. त्याचे दर, कर, हमालीचे नियम पहिल्यासारखेच होते, म्हणून आमच्यातल्या एकाने पहिल्या गोदामाच्या तयार ऑब्जेक्टवरूनच ऑब्जेक्ट.क्रिएटने दुसरं उभं केलं आणि त्याला नवीन नाव दिलं. तो कोड मी वाचून पास केला होता, तेव्हा चूक माझीही. पडद्यावर दोन गोदामं, दोन नावं, सगळं ठीक. तीन दिवसांनी मुनीमजींचा फोन आला: "भैया, दोनों गोदाम में शक्कर की बोरियाँ हमेशा बराबर कैसे रहती हैं?"

नाव वेगळं होतं, कारण नाव ही साधी प्रॉपर्टी होती आणि ती दुसऱ्या ऑब्जेक्टवर लिहिली गेली. साठा मात्र क्लोजरमध्ये होता, आणि क्लोजर 'धिस'ला ओळखतच नाही. त्याला ठाऊक असते फक्त ती जागा, जिथे फंक्शन जन्मलं. दुसऱ्या गोदामावर 'उचल' म्हणा, साखळी चढून पहिल्याची 'उचल' सापडणार, आणि ती पहिल्याच्याच तिजोरीतून काढणार. चूक कुठेही ओरडली नाही. लपवलेलं इतकं पक्कं लपलं होतं की आम्हालाही दिसलं नाही.

हीच चूक बाकीच्या पद्धतींत केली असती तर काय झालं असतं, ते मी त्या रात्री बसून करून पाहिलं. पुढे नवा मार्ग आला की त्यावरही करून पाहिलं. तुम्हीही करा, त्यातून जितकं कळेल तितकं माझ्या लिहिण्यातून कळणार नाही. समजा पहिल्या गोदामात 400 गोण्या आहेत आणि त्याच्यावरून उभ्या केलेल्या दुसऱ्यातून 50 उचलल्या.

साठा अंडरस्कोरवाल्या साध्या प्रॉपर्टीत असेल, तर वाचणं साखळीतून होतं आणि लिहिणं स्वतःवर होतं. दुसऱ्याकडे आकडा नाही म्हणून पहिल्याचे 400 वाचले, 50 वजा केले, 350 दुसऱ्यावर लिहिले. पहिल्यात 400 तसेच. तिथून पुढे दोघं वेगळे. म्हणजे दुसऱ्या गोदामाने सुरुवातच हवेतल्या 400 गोण्यांनी केली. आणि साठा आकडा नसून नोंदींची यादी असेल, तर नुसत्या पुशने, म्हणजे यादीच्या शेवटी नोंद घालणाऱ्या मेथडने, लिहिणं स्वतःवर होतच नाही, दोघं एकाच यादीत नोंदी टाकत राहतात. क्लोजरमध्ये असेल तर दोघांचे 350, आमचं झालं तसं. वीकमॅपमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टच्या ओळखीवर सामान ठेवणाऱ्या वेगळ्या नोंदवहीत, नुसता आकडा ठेवला असेल तर दुसऱ्याच्या नावाने काही सापडत नाही, अनडिफाइंड मिळतं, त्यातून 50 वजा केले की 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही' अशी खूण, आणि तो नॅन पुढच्या प्रत्येक बेरजेत शिरतो. आणि #साठा असेल तर पहिल्याच हाकेला टाइप एरर: या ऑब्जेक्टकडे हा खण नाही. कोड तिथेच थांबतो.

चार मार्ग, चार वेगळे निकाल, आणि त्यातला एकच वेळेवर ओरडतो. # मला आवडतं ते एवढ्यासाठी. लपवतात तर बाकीचेही.

आता एकेक मार्ग, तुमच्या प्रश्नाच्या क्रमाने.

अंडरस्कोर ही खूण आहे, कुलूप नाही. तरीही तुमचे वरिष्ठ म्हणतात तितकी ती टाकाऊ नाही. चार जणांच्या टीममध्ये 'याला हात लावू नका' एवढं सांगायला पुरते. पण ती जेसनमध्ये, म्हणजे साठवायला-पाठवायला केलेल्या मजकुरात, उतरते, प्रॉपर्टींची नावं एकेक घेणाऱ्या फॉर-इनच्या फेरीत दिसते, आणि खालच्या ऑब्जेक्टवर कोणी नकळत तेच नाव दिलं तर वरचं झाकलं जातं. जावास्क्रिप्टच्या 2009 च्या मानकात 'डिफाइन प्रॉपर्टी' आली, तिने प्रॉपर्टी यादीतून गायब करता येते. नाव माहीत असलेल्याला ती तरीही वाचता येते.

सिम्बॉल, म्हणजे दुसऱ्या नावाशी टक्कर न होणारी प्रॉपर्टीची नावं, 2015 मध्ये आले तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की आता खासगीचा प्रश्न सुटला. सुटला नाही. ऑब्जेक्टवरचे सगळे सिम्बॉल काढून देणारं फंक्शन भाषेतच आहे. नावांची टक्कर टाळायला सिम्बॉल उत्तम, लपवायला नाही.

क्लोजरचा मार्ग डग्लस क्रॉकफर्ड यांनी 2001 मध्ये लिहून दाखवला आणि पुढची दहा-पंधरा वर्षं सगळे त्याच वाटेने गेले. कन्स्ट्रक्टरच्या, म्हणजे ऑब्जेक्ट उभा करणाऱ्या फंक्शनच्या, आत स्थानिक व्हेरिएबल, आणि आतच जन्मलेल्या फंक्शनांना ते दिसतं, बाकी कोणाला नाही. ही भिंत खरी पक्की आहे. तुमची मेमरी फुगली त्याचं कारण असं: ज्या मेथडला आतलं व्हेरिएबल दिसायला हवं ती आतच जन्मली पाहिजे, म्हणजे ती प्रोटोटाइपवर ठेवताच येत नाही. सहा मेथड आणि दहा हजार खाती म्हणजे 60,000 फंक्शन ऑब्जेक्ट, वर प्रत्येक खात्याचा आतला स्कोप धरून ठेवायचा तो वेगळाच. कोडचा मजकूर दर वेळी नव्याने साठवला जात नाही, पण फंक्शनचा ऑब्जेक्ट दर वेळी नवा होतो. प्रोटोटाइपवर असत्या तर सहाच. तुमच्याकडे दोनशे खाती असती तर मी म्हटलं असतं, राहू द्या क्लोजर, छान आहे. दहा हजारांना ते परवडत नाही.

क्लोजरबद्दल आणखी एक गोष्ट जरा जवळून दाखवतो, कारण ती # वापरल्यावरही तुमच्यामागे येणार आहे. समजा खात्याच्या नोंदींची यादी क्लोजरमध्ये आहे आणि बाहेर तीन फंक्शनं दिली आहेत: 'जोड' शेवटी नोंद घालतं, 'वाच' क्रमांक घेऊन नोंद देतं, 'बदल' क्रमांक आणि नवी नोंद घेऊन त्या जागी लिहितं. यादी स्वतः कोणाला दिसत नाही. चोरता येईल का?

येईल. चोर 'बदल'ला क्रमांकाऐवजी 'पुश' हा शब्द देतो, आणि नोंदीऐवजी एक फंक्शन, जे आपला 'धिस' बाहेरच्या एका व्हेरिएबलमध्ये ठेवून देतं. 'बदल' बिचारं विश्वासाने यादीवर 'पुश' नावाची प्रॉपर्टी लिहितं. आता चोर 'जोड' म्हणतो. 'जोड'च्या आत यादीवर पुश म्हटलेलं आहे. साखळीचा नियम काय? आधी स्वतःत पाहा, मग पालकाकडे. खरा पुश ॲरेच्या प्रोटोटाइपवर, वर बसलेला आहे; चोराचा पुश यादीवरच आहे. चोराचा चालतो, आणि त्याचा 'धिस' म्हणजे तुमची अख्खी खासगी यादी. कुलूप न तोडता तिजोरी बाहेर.

हे कोडं जुनं आहे, मुलाखतींत विचारतात, पण त्यातलं मर्म बरेच जण चुकवतात. भिंतीत काही खोट नव्हती. दार निष्काळजी होतं. क्रमांक पूर्णांक आहे का आणि यादीच्या लांबीत बसतो का, हे 'बदल'ने तपासलं असतं तर संपलं असतं. यादी #नोंदी म्हणून ठेवली आणि दार असंच ठेवलं, तर हीच चोरी तशीच जमते. अशीच दुसरी फट म्हणजे 'सगळ्या नोंदी द्या' असं फंक्शन लिहून आतली यादीच परत करणं. घेणाऱ्याच्या हातात मूळ यादी जाते आणि तो ती बदलू शकतो. प्रत द्या. आणि नोंदी स्वतः ऑब्जेक्ट असतील तर यादीची प्रत पुरत नाही, आतल्या नोंदी त्याच राहतात. फ्रीझही फक्त वरचा थर गोठवतं. तारखेचं तर विशेष लक्षात ठेवा: डेट ऑब्जेक्टवर सेट म्हणून दिवस बदलता येतो, फ्रीझ केला तरी. उधारीच्या धंद्यात तारीख हलली की व्याज हललं.

वीकमॅप हा तुमच्या कोडला सगळ्यात जवळचा मार्ग आहे. फाइलच्या डोक्यावर एक वीकमॅप ठेवायचा, तो एक्स्पोर्ट करायचा नाही, आणि प्रत्येक खात्याचं आतलं सामान त्या खात्याच्या ओळखीवर नोंदवायचं. मेथड मूळ ऑब्जेक्टवरच राहतात, सहाच्या सहा, आणि 'धिस' देऊन वीकमॅपमधून सामान काढतात. साधा मॅप घेतला असता तर खातं वापरातून गेलं तरी मॅपने त्याला धरून ठेवलं असतं. वीकमॅप धरत नाही. खात्याला बाकी कोणी विचारत नसेल तर गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी मोकळी करणारी भाषेतली सोय, खातं आणि त्याचं सामान दोन्ही उचलतो. लुआ ही भाषा वापरणाऱ्यांनाही हे नवं नाही. तिथे मेटाटेबलची इंडेक्स साखळी म्हणजे आपला प्रोटोटाइपच, आणि खासगी सामान कमकुवत किल्ल्यांच्या टेबलात ठेवायची हीच रीत तिकडेही चालते.

यात दोन काळज्या घ्या. एक, नुसता आकडा ठेवू नका, छोटा ऑब्जेक्ट ठेवा. म्हणजे ओळख सापडली नाही तर अनडिफाइंडवर प्रॉपर्टी मागितल्याची एरर लगेच येईल, नॅन गुपचूप पसरणार नाही. दुसरी काळजी त्याच पानावर परकी स्क्रिप्ट चालत असेल तरच. वीकमॅपचा 'गेट' हाही एका प्रोटोटाइपवरच बसलेला आहे, आणि तो कोणी बदलला तर तुमचं सगळं सामान त्याच्या हातून जाईल. # ला ही भीती नाही, कारण तिथे मध्ये बदलता येण्यासारखं फंक्शनच नाही.

आता # बद्दल. हे 2022 च्या मानकात आलं, पण क्रोमने 2019 मध्येच, 74व्या आवृत्तीत, खासगी फील्ड दिली होती. नाव देवनागरीतही चालतं, #शिल्लक असं लिहिलेलं भाषा बिनतक्रार घेते. 'प्रायव्हेट' असा शब्द सोडून हे ओबडधोबड चिन्ह का, असं सगळेच विचारतात. कारण साखळी. 'धिस.शिल्लक' या एकाच लिहिण्यातून कधी खासगी आणि कधी साधी प्रॉपर्टी वाचायची असती, तर भाषेला प्रत्येक वेळी थांबून तपासावं लागलं असतं की समोरचा ऑब्जेक्ट कोणत्या जातीचा आहे. चिन्ह वेगळं ठेवल्याने #शिल्लक कधी साखळी चढतच नाही, आणि त्याच ऑब्जेक्टवर 'शिल्लक' नावाची साधी प्रॉपर्टी कोणी ठेवली तरी दोघांची टक्कर होत नाही. खण ज्या ऑब्जेक्टवर कन्स्ट्रक्टरने कोरला त्यावरच. कोरलेला नाही, तर एरर. सियागंजातल्या गोण्या पहिल्याच दिवशी वाचल्या असत्या.

क्लास घेतला म्हणून प्रोटोटाइप सोडला असं समजू नका. क्लासच्या मेथड खालून प्रोटोटाइपवरच जाऊन बसतात, सहाच्या सहाच राहतात.

एक फरक मात्र नीट समजून घ्या. क्लोजरमध्ये खासगी म्हणजे त्या एका ऑब्जेक्टपुरतं. # मध्ये खासगी म्हणजे क्लासच्या मजकुरापुरतं. एका खात्याच्या मेथडमधून दुसऱ्या खात्याची #शिल्लक वाचता येते, दोन्ही त्याच क्लासची असतील तर. वाड्याचा दिंडी दरवाजा बंद, पण आतल्या बिऱ्हाडांना एकमेकांच्या खोल्या उघड्या, असं. हे बहुतेक वेळा हवंच असतं. एका खात्यातून दुसऱ्यात रक्कम वळती करायची तर दोन्हीकडची शिल्लक हाताशी लागते, आणि क्लोजरमध्ये त्यासाठी नाहक एक दार बाहेर उघडावं लागतं. वीकमॅपही याच जातीचा, त्याचा वाडा म्हणजे ती फाइल.

# चे काटे सांगतो. प्रॉक्सीमधून, म्हणजे मूळ ऑब्जेक्टच्या पुढे उभ्या केलेल्या मध्यस्थ ऑब्जेक्टमधून, हाक मारली तर 'धिस' प्रॉक्सी असतो, त्याच्यावर खण कोरलेला नसतो, एरर येते. व्ह्यू 3 या फ्रेमवर्कमध्ये रिॲक्टिव्ह केलेला ऑब्जेक्ट म्हणजे प्रॉक्सीच, तेव्हा असा क्लास तिथे द्यायचा तर मार्क-रॉ करून, म्हणजे प्रॉक्सीत न गुंडाळता, द्या. स्टॅटिक मेथडमध्ये 'धिस.#काही' लिहिलं आणि ती उपक्लासवरून बोलावली तरी एरर. तिथे क्लासचं नाव घालून लिहा. जेसनमध्ये # चं काही उतरत नाही, म्हणून साठवायचं काय आणि कोणत्या नावाने, हे 'टू जेसन' मेथडमध्ये स्वतः ठरवा. ऑब्जेक्टवर खण आहे का हे एररशिवाय विचारायचं असेल तर '#शिल्लक इन खातं' असं विचारता येतं. आणि टाइपस्क्रिप्ट या जावास्क्रिप्टवर बेतलेल्या भाषेतलं 'प्रायव्हेट' हे वेगळं प्रकरण आहे, ते फक्त कंपाइल होईपर्यंत असतं, चालताना पुसलं जातं. टाइपस्क्रिप्टमध्येही खरं लपवायचं तर # च, आणि जुन्या मानकासाठी कंपाइल करत असाल तर ते खालून वीकमॅपच करून देतं.

हे सगळं करण्याआधी ठरवायची गोष्ट म्हणजे लपवायचं कोणापासून. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने घाईत हात घालू नये, एवढंच असेल तर अंडरस्कोरही चालेल, # उत्तम. तुमच्या ऑब्जेक्टवरून कोणी दुसरे ऑब्जेक्ट उभे करणार असेल, तर # किंवा वीकमॅप, क्लोजर नको. पण वापरणाऱ्यापासूनच लपवायचं असेल, तर यातलं काहीही चालणार नाही. मी एका दुकानाच्या कोडमध्ये मालाची खरेदी किंमत # मध्ये ठेवलेली पाहिली आहे, गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून. डेव्हलपर टूल्स उघडली की ब्राउझर # चे खण व्यवस्थित मांडून दाखवतो, आणि नेटवर्कच्या खिडकीत तर तो आकडा आधीच येऊन बसलेला असतो. गिऱ्हाइकाने पाहू नये ती गोष्ट त्याच्या मशीनवर पाठवूच नका, ती सर्व्हरवर ठेवा. पासवर्ड, किल्ल्या, मार्जिन, सगळं याच हिशेबाने.

तुमच्या कोडपुरतं बोलायचं तर, क्लासवर जायची मुभा असेल तर जा. काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि मेमरीचा प्रश्नही तिथेच मिटतो. वरिष्ठांना ऑब्जेक्ट.क्रिएटची मांडणीच हवी असेल तर वीकमॅप. 'खातं उघड' असं एकच फंक्शन बाहेर द्या, जे मूळ ऑब्जेक्टवरून नवा ऑब्जेक्ट करतं आणि त्याच क्षणी वीकमॅपमध्ये त्याचं सामान नोंदवतं. मेथडनी वीकमॅपला थेट हात लावू नये. मध्ये 'आतलं' नावाचं चार ओळींचं फंक्शन ठेवा, जे 'धिस' घेतं, सामान सापडलं तर देतं, नाहीतर 'हे खातं रीतसर उघडलेलं नाही' अशी एरर फेकतं. त्या एका एररमुळे वीकमॅपलाही # सारखं वेळेवर ओरडता येतं. शिल्लक पैशांत, पूर्णांक ठेवा, रुपयांच्या अपूर्णांकात नको.

मग चाचण्या लिहा. बाहेरून शिल्लक लिहून पाहा, आतली शिल्लक हलता कामा नये. नोंदींची यादी मागून तिच्यात काहीतरी घाला, पुन्हा मागा, घातलेलं दिसता कामा नये. 'बदल'ला क्रमांकाच्या जागी 'पुश' देऊन पाहा. आणि शेवटी, एका चालू खात्यावरून ऑब्जेक्ट.क्रिएटने दुसरं करा, त्यावर शंभर रुपये जमा म्हणा. एरर आली पाहिजे. शंभर रुपये गुपचूप कुठेतरी जमा झाले, तर कुठे झाले ते शोधल्याशिवाय कोड वरिष्ठांकडे पाठवू नका.